एका रात्रीचे सात पाठ

३ सप्टेंबर १९४३ची संध्याकाळ. नॉटिंगहॅमशरमधल्या लँगर विमानतळावर एका लँकेस्टर विमानात सातऐवजी नऊ माणसं चढली. जास्तीची दोघं बीबीसीची होती. एक वार्ताहर विनफोर्ड वॉन-टॉमस, दुसरा ध्वनिमुद्रक रेज पिड्सली. बरोबर होतं तबकडीवर सुईनं आवाज कोरणारं एक अवजड यंत्र. जायचं होतं बर्लिनला, बॉम्ब टाकून परत यायचं होतं, आणि या दोघांनी जाता-येता जे कानावर पडेल ते तबकडीवर उतरवायचं होतं.

ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. चार इंजिनांच्या एकसुरी घरघरीवर वॉन-टॉमसचा आवाज, आणि मधूनमधून क्रूचे एकमेकांशी चाललेले तुटक बोल. बर्लिनवर प्रकाशझोतांचं जाळं, खाली आगी, आणि अचानक मागून जर्मन लढाऊ विमान. विमानातला मशीनगनवाला त्याला पाडतो, क्षणभर सगळे एकदम बोलू लागतात, आणि वैमानिक त्यांना शांत करतो. ऐकताना नवल वाटतं ते त्या आवाजांच्या सपाटपणाचं. एसटीचा कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव सांगतो तितक्याच निर्विकारपणे ही पोरं मृत्यूची दिशा आणि अंतर सांगतात.

याच पिढीतली माणसं सत्तर वर्षांनी आपल्या बैठकीच्या खोलीत खुर्चीत बसून, ध्वनिमुद्रण यंत्रापुढे, तीच गोष्ट पुन्हा सांगतात. आता इंजिनांची घरघर नाही. असलीच तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, स्वयंपाकघरात कुणीतरी कपबशा विसळतंय त्याचा आवाज. आणि इथे मात्र आवाज फुटतो. कुठे फुटेल ते सांगता येत नाही. माणूस बर्लिनची आग सहज सांगून जातो आणि एखाद्या सायकलीपाशी अडतो. सायकल मित्राची असते, धावपट्टीजवळच्या झोपडीला टेकवून ठेवलेली. मित्र परत आलेला नसतो.

मला या दोन ध्वनिमुद्रणांमधल्या अंतराविषयी लिहायचं आहे.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय या शांततेचं वजन कळत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून काम केलं. त्यातले ५५,५७३ मेले. ९,८३८ युद्धकैदी झाले. सरासरी वय बाविशीच्या आसपास. सगळे स्वेच्छेनं आलेले. हवाई दलात विमानावर चढायची सक्ती कुणावरच नव्हती. एक टूर म्हणजे साधारण ३० मोहिमा. त्या पुऱ्या केल्या की काही महिने विश्रांती, मग दुसऱ्या टूरची शक्यता. १९४३च्या हिवाळ्यात टूर सुरू करणाऱ्याला आपण ती पुरी करू असं वाटण्यासारखं गणितात काही नव्हतं, आणि नॅव्हिगेटर मंडळींना गणित चांगलं येत होतं.

युद्ध संपलं आणि ही माणसं गप्प झाली. खरं तर त्यांना गप्प केलं गेलं. १३ मे १९४५ला चर्चिलनी विजयाच्या भाषणात युद्ध जिंकून देणाऱ्या एकेकाची नावं घेतली, पण जर्मनीवरच्या बॉम्बफेकीच्या मोहिमेला दोन शब्दही वाट्याला आले नाहीत. तोवर ड्रेस्डेन झालं होतं. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री सुमारे ८०० ब्रिटिश विमानांनी ते शहर जाळलं, दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानं आली. २०१०मध्ये इतिहासकारांच्या आयोगानं मृतांचा आकडा जास्तीत जास्त २५,००० ठरवला. ज्या राजकारण्यांनी ही मोहीम मंजूर केली होती त्यांनाच ती आता हातात धरवेना. कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांनी त्या बोटाच्या मागेपुढे उभं राहू नये हे शहाणपणाचं होतं. स्वतंत्र पदक मिळालं नाही. पदकाच्या फितीवर लावायची ‘बॉम्बर कमांड’ अक्षरांची एक पट्टी मिळाली ती २०१३मध्ये, म्हणजे ज्यांना मिळाली ते नव्वदीत होते. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक त्याच्या आदल्या वर्षी, २८ जून २०१२ला उघडलं. तिथे ब्राँझचे सात तरुण उभे आहेत. नुकतेच मोहिमेवरून परतलेले, काही आकाशाकडे पाहणारे, कोण आलं नाही ते शोधत असल्यासारखे.

घरीही कुणी विचारलं नाही. हे केवळ इंग्लंडचं नव्हे. आपल्याकडेही आजोबा असेपर्यंत त्यांची ट्रंक उघडली जात नाही. गेल्यावर उघडली की कागद असतात, वाचून दाखवणारा नसतो.

विचारणारे पहिले काही जण व्यावसायिक इतिहासकार नव्हतेच. लिंकनशरमधल्या बोस्टन गावचा मार्टिन मिडलब्रुक हा कोंबड्या पाळणारा शेतकरी. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवर त्यानं वाचलेल्या सैनिकांना गाठून पुस्तक लिहिलं, आणि मग तो आपल्या अंगणातल्याच विषयाकडे वळला. लिंकनशर म्हणजे बॉम्बर विमानतळांचा जिल्हा. त्यानं शोधून शोधून वैमानिक, गनर, त्यांच्यावर चालून आलेले जर्मन वैमानिक आणि खाली राहणारी माणसं यांच्या आठवणी गोळा केल्या. ३०-३१ मार्च १९४४च्या न्यूरेंबर्ग मोहिमेवरचं त्याचं पुस्तक १९७३चं. त्या रात्री ७९५ विमानं गेली, ९५ परत आली नाहीत. चांदणं होतं, विमानांमागे पांढऱ्या वाफेच्या रेघा उमटत होत्या, म्हणजे शत्रूला वाट दाखवायला आकाशात खडूनं लिहून ठेवल्यासारखं. अनेक क्रू भलत्याच शहरावर बॉम्ब टाकून आले. हे सगळं सरकारी कागदात होतं. पण एका माणसानं शेजारचं विमान पेटताना पाहिलं, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि नॅव्हिगेटरनं वेळ व जागा टिपून ठेवायचं थांबवलं, कारण कागदावर जागा उरली नाही, असली गोष्ट विचारल्याशिवाय कुठून येणार?

लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनं १९७२मध्ये ध्वनिमुद्रणांचा स्वतंत्र विभाग काढला. पुढच्याच वर्षी ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही २६ भागांची मालिका दूरचित्रवाणीवर आली, त्यात हॅरिस स्वतः बोलले. पण साध्या सार्जंटाला, शेपटीच्या गनराला शोधून काढून दोन तास बसवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते फार उशिरा. लिंकन शहराबाहेरच्या कॅनविक टेकडीवर इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर उभं राहू लागलं तेव्हा. तिथला पोलादी मनोरा ऑक्टोबर २०१५मध्ये उघडला. उंची ३१.०९ मीटर, म्हणजे लँकेस्टरच्या दोन पंखांच्या टोकांमधलं अंतर जेवढं तेवढीच. दरीपलीकडे लिंकन कथीड्रल दिसतं. मोहिमेवर निघताना आणि परतताना याच कथीड्रलचे मनोरे क्रूच्या नजरेला पडत. मनोऱ्याभोवतीच्या भिंतींवर जवळजवळ ५८,००० नावं कोरली आहेत. जुन्या ५५,५७३च्या आकड्यापेक्षा ती जास्त आहेत, कारण मोजणीची कक्षा वाढवून हिशेब पुन्हा केला गेला. २०१८मध्ये तिथलं प्रदर्शन लोकांना खुलं झालं. लिंकन विद्यापीठाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या तिथल्या संग्रहात आता हजाराहून अधिक मुलाखती आहेत. त्या बहुतेक स्वयंसेवकांनी घेतल्या. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कुणाचे वडील याच कमांडमध्ये होते असे लोक. ध्वनिमुद्रण यंत्र पिशवीत घालून ते नव्वदी गाठलेल्यांच्या दारात गेले.

या मुलाखतींची एक रीत आहे. सुरुवातीला विचारणारा स्वतःचं नाव, तारीख, गाव सांगतो. मग युद्ध नव्हे, बालपण. वडील काय करायचे, शाळा कधी सोडली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. एकदम ‘तुम्ही घाबरला होतात का’ असं विचारलं की माणूस सगळे देतात तेच उत्तर देतो. उड्डाणाआधी काय खाल्लंत असं विचारलं तर तो अंड्याची गोष्ट सांगतो. रेशनच्या दिवसांत मोहिमेवर जाणाऱ्याला खरं अंडं मिळायचं, आणि मेसमध्ये चेष्टा चालायची की तू परत नाही आलास तर तुझं अंडं मी खाऊ का. चेष्टा सांगून म्हातारा हसतो. मग थांबतो. भीतीचं उत्तर त्या थांबण्यात असतं.

बरोबर उड्डाणाची नोंदवही ठेवायची असते. लॉगबुक. प्रत्येक वैमानिकाला आणि क्रूमधल्या प्रत्येकाला ती भरावी लागे. रात्रीची उड्डाणं लाल शाईत. ‘एसेन’, ‘कोलोन’, ‘बर्लिन’, आणि पुढे तास-मिनिटं. तिची मदत होते, तसाच त्रासही होतो. काही जण चष्मा लावून ती नुसती वाचत बसतात, ओळीमागून ओळ, आणि मुलाखत खतावणी होऊन जाते. अनुभवी मुलाखतकार वही हळूच मिटवतो.

सगळ्यांना आवडीनं सांगावीशी वाटते ती क्रू जुळण्याची हकीकत. प्रशिक्षण संपत आलं की एका हँगरमध्ये जितके वैमानिक तितकेच नॅव्हिगेटर, तितकेच बॉम्ब-एमर, बिनतारीवाले, गनर असे सगळे सोडायचे आणि सांगायचं, आपापले गट करा. बस. कपड्यांच्या बटणांपर्यंत नियम करणाऱ्या हवाई दलानं आयुष्यातली सर्वांत जोखमीची जुळवाजुळव अशी वाऱ्यावर सोडली होती. ना पत्रिका, ना दाखवण्याचा कार्यक्रम. कुणी चेहरा पाहून गेला, कुणी बोलण्याची ढब ऐकून, कुणी समोरचा दारू पीत नाही म्हणून, तर कुणी पितो म्हणून. फ्लाइट इंजिनीअर आणि दुसरा गनर पुढे चार इंजिनांच्या विमानांवर गेल्यावर मिळत. अशी जुळलेली नाती म्हातारपणापर्यंत टिकली, आणि तुटली तर एका रात्रीत सातही तुटली.

पण एकाच विमानातल्या त्या सात जणांनी एकच रात्र पाहिली का?

वैमानिक समोर पाहत असे. त्याच्या शेजारी फ्लाइट इंजिनीअर, त्याची नजर काट्यांवर, इंधनावर. बॉम्ब-एमर विमानाच्या नाकात पोटावर पालथा. लक्ष्य प्रत्यक्ष पाहणारा तोच. बिनतारीवाला गरम हवेच्या नळीपाशी बसलेला, घामाघूम, कानाला मुख्यालयाचे संदेश. वरच्या गोल घुमटातला गनर चहूबाजूंना फिरणारा. शेपटीतला गनर एकटा, पाठ करून बसलेला. विमान जिथून येऊन गेलं तेवढंच त्याला दिसे. पुढचं काही नाही. त्याच्या तोफघुमटीत उणे चाळीसपर्यंत थंडी उतरे, श्वासाचे थेंब मुखवट्यावर गोठत. पॅराशूट आत मावत नसे म्हणून मागच्या दाराबाहेर अडकवलेलं. आणि नॅव्हिगेटर? तो पडद्याआड. दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या टेबलाभोवती काळा पडदा. नकाशा, पेन्सिल, घड्याळ. कित्येक नॅव्हिगेटर सांगतात की एकदाच पडदा सारून वैमानिकाच्या मागे जाऊन पाहिलं, खाली पेटलेलं शहर दिसलं, मुकाट्यानं परत आलो आणि पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांच्या आठवणीतलं युद्ध कोनांचं आणि मिनिटांचं आहे.

म्हणून सात जणांच्या मुलाखती एकमेकींशी जुळत नाहीत. न जुळण्याला खोटेपणा म्हणणं चूक आहे.

इथे मला एक मराठी नाव आठवतं. लंडनमधल्या हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात एक लँकेस्टर आहे, क्रमांक आर ५८६८. १३७ मोहिमा केलेलं. नाकावर प्रत्येक मोहिमेसाठी एक बॉम्ब रंगवलेला आणि शेजारी राइशवर शत्रूचं एकही विमान उडणार नाही अशी जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंगची वल्गना, मुद्दाम चिडवायला. हे विमान नंतर ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनकडे गेलं आणि ‘एस फॉर शुगर’ म्हणून गाजलं. पण त्याआधी ते ८३व्या स्क्वाड्रनचं होतं, पाथफाइंडर दलातल्या. पाथफाइंडर म्हणजे बाकीच्यांच्या पुढे जाऊन रंगीत प्रकाशगोळ्यांनी लक्ष्यावर खुणा करणारे. त्यांच्यातल्या नॅव्हिगेटरची दोन मिनिटांची चूक मागच्या शेकडो विमानांना भलतीकडे नेई. या स्क्वाड्रनमध्ये, या विमानातून मोहिमा केलेला एक नॅव्हिगेटर होता शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पडद्याआड बसून त्या विमानाला वाट दाखवणारा एक सुखठणकर होता, हे हेंडनला जाणाऱ्या मराठी माणसानं त्या काळ्या पोटाच्या विमानाखाली उभं राहून एकदा मनाशी म्हणून पाहावं.

सुखठणकर म्हटलं की आपल्याला दुसरेच आठवतात. विष्णू सीताराम सुखठणकर, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक. या दोघांचं नातं जोडण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण १९४३च्या जानेवारीत विष्णुपंत वारले तेव्हा बॉम्बर कमांडच्या रात्री ऐन भरात होत्या, आणि त्यांनी पुण्यात बसून जे काम उभं केलं ते मला या मुलाखतींच्या संदर्भात फार उपयोगी वाटतं. काश्मीरची पोथी एक सांगते, मलबारची दुसरं. संपादक पोथ्या जाळत नाही, एकीला खोटी ठरवून फेकत नाही. वर एक पाठ छापतो आणि खाली तळटीपांत बाकीचे सगळे पाठभेद ठेवतो, कुठल्या पोथीत काय ते सांगून. वाचकानं वाटलं तर तळटीपच वाचावी. ध्वनिसंग्रहाचं कामही मला तसंच दिसतं. वर सरकारी नोंद: लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्क्वाड्रनची मोहीम-नोंदवही आहे. कोण गेलं, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं किंवा उतरलंच नाही. खाली तळटीपांत सात आवाज.

पाठभेदाचं सर्वांत चक्रावणारं उदाहरण म्हणजे बुजगावणं. ‘स्केअरक्रो’. शेकडो जुने क्रू सांगतात की जर्मन तोफा एक खास गोळा डागायच्या. तो आकाशात फुटला की अगदी विमान फुटल्यासारखा दिसायचा. मोठा स्फोट, पेटलेलं तेल, रंगीत तुकडे खाली गळत. हेतू एवढाच की आपली हिंमत खचावी. ‘आम्हाला माहीत होतं ते खोटं असतं’, अशा अर्थाचं ते सांगतात. चुकून एकानं नव्हे, वेगवेगळ्या स्क्वाड्रनमधल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी.

असा गोळा नव्हताच. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत त्याचा मागमूस मिळाला नाही. ती विमानंच होती. बॉम्ब आणि पेट्रोल भरलेली, आत सात माणसं असलेली. १९४३च्या उन्हाळ्यानंतर जर्मन रात्र-लढाऊ विमानांना वरच्या दिशेनं तिरकस रोखलेल्या तोफा बसवल्या जाऊ लागल्या. ते खालून येत, लँकेस्टरच्या पोटाखाली, जिथे एकाही गनरची नजर पोचत नसे, आणि पंखातल्या टाक्यांवर नेम धरत. प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळ्या वापरत नसत, त्यामुळे मारा कुठून झाला ते शेजारच्या विमानाला दिसत नसे. शांत आकाशात एकदम स्फोट. पाहणाऱ्यानं काय समजायचं?

कागदावर आकडेमोड करणाऱ्यांनाही ते कळलं नव्हतं. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेला फ्रीमन डायसन तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता आणि बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात हिशेब करत होता. अनुभवी क्रू नवख्यांपेक्षा जास्त वाचतात ही सगळ्यांची श्रद्धा आकड्यांत उतरत नव्हती. मुरलेले आणि नवखे सारख्याच प्रमाणात मरत होते. कारण त्यांना न दिसणाऱ्या तोफेपुढे अनुभवाचा उपयोग नव्हता. ते त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना वेळेत उमगलं नाही, आणि त्याची बोच डायसननं पुढे लिहून ठेवली.

आता समोर नव्वदीचा माणूस बसलाय आणि बुजगावण्याची गोष्ट सांगतोय. मुलाखतकाराला खरं माहीत आहे. त्यानं सांगावं का? मी अनेकदा स्वतःला त्या खुर्चीत बसवून पाहिलं आहे आणि दर वेळी माझं उत्तर नाही असंच येतं. सत्तर वर्षांपूर्वी त्या पोराला दुसऱ्या रात्री पुन्हा विमानात चढायचं होतं. आपण पाहिले ते स्फोट खोटे होते एवढी एक समजूत त्याच्या गाठीला होती. तीच आता काढून घ्यायची, कशासाठी? चूक नोंदवायची, सूचीत ‘स्केअरक्रो’ असा शब्द टाकायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा. नोंदवहीत त्या रात्री किती विमानं पडली तो आकडा आहे. त्या आकड्याकडे पाहून पुन्हा आकाशात कसं जाता आलं, ते या चुकीतच आहे.

काही गोष्टी मात्र मुलाखतीतही सहजी येत नाहीत. ज्यानं ‘आता मी उडणार नाही’ असं म्हटलं त्याच्या कागदांवर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शिक्का बसे, पदाची चिन्हं काढली जात आणि त्याला एका दिवसात तळावरून हलवत, म्हणजे लागण पसरू नये. स्वतःवर तो शिक्का बसलेला माणूस मुलाखत द्यायला क्वचितच पुढे येतो. बाकीचे त्याच्याबद्दल बोलतात, आणि बोलताना आवाज उतरतो. पूर्वीसारखा तिरस्कार नसतो. बऱ्याच जणांना आता वाटतं की तो निदान खरं बोलला.

आणि परत न आलेल्यांच्या सामानाचं काय? त्यासाठी तळावर ‘कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट’ असे. सकाळी येऊन पलंग, कपाट रिकामं करायची. पत्रं चाळायची, आईला किंवा बायकोला पाहून धक्का बसेल असं काही असेल तर बाजूला काढायची. संध्याकाळपर्यंत त्या पलंगावर नवा मुलगा. हवाई दलाच्या महिला शाखेतल्या बायकांच्या मुलाखतींत हे जास्त येतं. त्या नियंत्रण कक्षात बसून परतणाऱ्या विमानांची नावं फळ्यावर लिहीत, आणि ज्यांच्यापुढे वेळ लिहायची राहून जाई त्या रकान्याकडे पहाटेपर्यंत पाहत बसत. एखादीचे दोन मित्र लागोपाठ गेले की तिला अपशकुनी ठरवून तिच्याबरोबर नाचायला कुणी धजत नसे. हे त्या हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

गयानातून आलेला साय ग्रँट हाही सुखठणकरसारखाच नॅव्हिगेटर. १९४३मध्ये त्याचं विमान नेदरलँड्सवर पडलं, तो पकडला गेला. जर्मन वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला आणि खाली त्याला ‘अनिश्चित वंशाचा’ हवाई दलाचा माणूस म्हटलं होतं. युद्धानंतर गायक आणि नट म्हणून नाव मिळवल्यावर २००६मध्ये त्यानं आठवणी लिहिल्या तेव्हा पुस्तकाला नाव दिलं ते त्या फोटोखालच्या शब्दांवरूनच. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका डच संशोधकाबरोबर त्यानं कॅरिबियनमधून आलेल्या, इतिहासात न बसलेल्या विमानी सैनिकांची नावं एकेक करून जमवली. २०१०मध्ये तो गेला. इतक्या मुलाखती असूनही कुणाकुणाला विचारायचं राहून गेलं ते या यादीवरून कळतं.

ड्रेस्डेनबद्दल विचारावंच लागतं. न विचारणं हा अपमान ठरेल, माणसाचा आणि खाली मेलेल्यांचाही. उत्तरं एकसारखी येत नाहीत. कुणी जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त केलेल्या कॉव्हेंट्रीचं नाव घेतो. कुणी म्हणतो, ती आमच्यासाठी इतर रात्रींसारखीच रात्र होती, लांबचा पल्ला, इंधनाची काळजी. कुणी बोलता बोलता चहा करायला उठतो. आणि पुष्कळ जण, प्रश्न न विचारताही, एप्रिल १९४५च्या शेवटाकडे वळतात. उपासमारीनं खंगलेल्या हॉलंडवर तेव्हा त्यांनी अगदी कमी उंचीवरून अन्नाची पोती टाकली, ६,००० टनांहून जास्त. छपरांवर उभी माणसं हात हलवत होती. ट्यूलिपच्या शेतात कुणीतरी फुलांनी आभाराचे शब्द लिहिले होते. हे सांगताना आवाज मोकळा होतो. ३० मोहिमांपैकी ही एक-दोन उड्डाणं मुलाखतीत अर्धा तास घेतात, आणि मला वाटतं त्यांना ती घेऊ द्यावीत.

लिंकनच्या त्या संग्रहाची एक गोष्ट मला सर्वांत धीट वाटली. तिथे फक्त विमानातली माणसं नाहीत. जर्मनी आणि इटलीत खाली राहिलेल्यांच्याही मुलाखती त्यांनी तितक्याच काळजीनं ठेवल्या आहेत. तेव्हा मुलं असलेली ही माणसं. तळघर, शेजारणीचा हात, आई मोजत असलेले स्फोट, वर आल्यावर नसलेली गल्ली. त्यांनाही तीच रीत: नाव, तारीख, गाव, वडील काय करायचे. आधी शाळा, मग युद्ध. या मुलाखतींसाठी वेगळी खोली केलेली नाही. सूचीत त्या शेजारीशेजारी बसतात.

एक आवाज शेपटीतल्या गनरचा. परतीच्या वाटेवर त्याच्या मागे शहर जळत होतं, आणि उलटा बसलेला असल्यामुळे सात जणांत तो उजेड सर्वांत जास्त वेळ पाहत राहिला तोच. समुद्र लागला तरी क्षितिजावर लाली होती. दुसरा आवाज त्या लालीखालच्या एका मुलीचा, आता ऐंशी ओलांडलेली. तिला विमानं दिसली नव्हती, फक्त ऐकू आली होती. जाताना त्यांचा आवाज येतानापेक्षा हलका होता, असं तिला आठवतं.